सैल मूठ

परवा कॉलेजच्या कुंपणापलीकडच्या कलमाला मोहोर आलेला दिसला आणि माझा उजवा हात आपोआप ओढणीत गेला. थंडी तेवढी नव्हती. मैत्रिणीने विचारलं, "काय गं, लागलं का काही?" मी नाही म्हटलं. मग वर्गात बसल्यावर बाकाखाली मी हळूच बोटं मोजली. पाच होती. ती माझीच आहेत ना, हे बघण्यासाठी एकेक बोट अंगठ्याने दाबलं. हे लिहिलेलं वाक्य मी दोनदा खोडलं, कारण वाचताना ते खोटं वाटतं. पण गेल्या वर्षीपासून मोहोराचा वास आला की मी हेच करते.

आम्ही मिरकरवाड्यात राहतो. बाबा मोटारसायकलवरून मासे विकतात. सकाळी जेटीवरचा लिलाव उरकला की मागच्या कॅरिअरवर दोन क्रेट बर्फात भरायचे, गावातून वर चढून सडा, म्हणजे वरचं कातळाचं पठार, ओलांडायचा आणि आतल्या वाड्यावस्त्यांवर जायचं, हे त्यांचं अठरा वर्षांचं काम. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे घरात छापील इंग्रजी काहीही आलं की ते माझ्यापुढे येतं. औषधाची पट्टी, विम्याचा कागद, साबणाचं वेष्टनसुद्धा. मी वाचते, मराठीत सांगते आणि आई-बाबा मान हलवतात. मी सांगेन तेवढंच त्या कागदावर असतं.

मोहोराच्या दिवसांत सड्यावर सकाळी धुकं असतं. कातळ रात्रभर थंड होतो आणि त्याच्यावर ते पांढरं अंथरूण तसंच पडून राहतं. रस्ता सरळ चारेक किलोमीटर जातो. आमच्याकडे एवढा सरळ रस्ता दुसरीकडे कुठे नाही. दोन्ही बाजूंना कलमांच्या बागा, आणि त्या बागांतून फवारणीच्या पंपांचा आवाज येतो. माणसं दिसत नाहीत. तोंडाला फडकं बांधलेलं एखादं डोकं मोहोराच्या वर येतं, फिरतं आणि खाली जातं. मासे, बर्फाचं पाणी, औषध आणि मोहोर, असा सगळा मिळून एक वास त्या रस्त्यावर असतो. दुसऱ्या कुठल्या रस्त्यावर मला तो कधी आलेला नाही.

गेल्या वर्षीच्या त्या हंगामात बाबांच्या उजव्या हाताची बोटं झोपायला लागली. अठरा वर्षं तोच हात बर्फात आणि तोच हात गाडीच्या थरथरत्या मुठीवर. आधी फक्त पहाटे झोपायची. मग चहाचा कप हातातून सुटला, तो फुटल्याचा आवाज आल्यावर बाबांनी खाली बघितलं. डॉक्टर म्हणाले, मनगटात शीर दबली आहे, छोटं ऑपरेशन आहे, पण त्यानंतर दोनतीन महिने गाडी बंद. आणि उशीर केलात तर बोटं परत येतीलच असं सांगता येणार नाही. ते असंच म्हणाले, परत येतील. जणू ती कुठे गेली आहेत.

"तीन महिने गाडी नाय म्हंजे वाड्या गेल्या," बाबा घरी आल्यावर म्हणाले. "दुसरा कोन तरी जायला लागंल. गिऱ्हाईक काय, मांजरागत. ज्याच्या हातात बांगडा त्याच्या मागं."

दुसऱ्या दिवशी मी अभ्यास करत होते तेव्हा आई शेजारणीला हळू आवाजात विचारत होती, मासळी पॅकिंगच्या कंपनीत पोरींना घेतात का, बारावी झालेली चालेल की पुढचं शिकलेली लागते. मी पुस्तकातली तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मी तेव्हा एस. वाय.ला होते, भौतिकशास्त्राला. बाबा थांबले तर मी थांबणार, एवढं मला कोणी न सांगता कळलं. त्या दिवसापासून बाबांना न थांबवण्याची युक्ती मी शोधायला लागले. हाताचा विचार त्यात किती होता आणि माझा किती, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

शौकतचाचा बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांचं गॅरेज आमच्या घरापासून हाकेवर आहे. त्यांचा पुतण्या ओमानला असतो. त्याने तिकडे मोठी मोटारसायकल घेतली होती, तिला बसवायला आणलेलं क्रूझ कंट्रोलचं एक जादा खोकं तो सुट्टीवर येताना इकडे घेऊन आला आणि गॅरेजच्या फळीवर टाकून गेला. मी त्या यंत्राचे व्हिडिओ पाहिले होते. एकदा वेग ठरवून बटण दाबलं की मूठ पिळून धरावी लागत नाही, गाडी आपली आपण त्याच वेगाने जाते. मी चाचांना विचारलं, बाबांच्या गाडीला बसेल का.

चाचा हसले. "बायो, तिकडं रस्ता संपत नाय म्हणून ते लावतात. आपल्याकडं वळण संपत नाय. तुझा बाबा सदा हे लावून जानार कुठं, मस्कतला?"

"सड्यावर चार किलोमीटर सरळ आहेत चाचा. तेवढीच विश्रांती हाताला."

बाबा उलट्या क्रेटवर बसून ऐकत होते. त्यांनी उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. "लाव रे शौकत. पोरगी शिकल्येय ती, कायतरी बघूनच सांगत असंल."

शुक्रवारी नमाज उरकून चाचांनी काम हातात घेतलं. मी शेजारी उभी राहून इंग्रजी पुस्तिका वाचत होते आणि एकेक पायरी मराठीत सांगत होते. काळ्या डबीतल्या मोटरची तार कार्बोरेटरकडे जाणाऱ्या केबलला जोडायची. पुढच्या चाकाच्या आऱ्याला बोराएवढं लोहचुंबक बांधायचं आणि शॉकअपवर त्याच्यासमोर सेन्सर. डाव्या मुठीजवळ बटण, कारण उजव्या अंगठ्यावर भरवसा नव्हता. एक वायर मागच्या ब्रेकच्या दिव्याला, म्हणजे पायाने ब्रेक दाबला की सगळं सुटेल. तो ब्रेकचा स्विच उघडला तर आत पांढरं मीठच मीठ. "मासेवाल्याची गाडी," चाचा पॉलिश पेपरने घासत म्हणाले, "हिला खरं तर मुरांब्याच्या बरणीत नाय, लोणच्याच्या बरणीत ठेवायला पायजे."

शेवटच्या पानावर चौकटीत सूचना होत्या. धुक्यात, वळणाच्या रस्त्यावर वापरू नका. आणि खाली आणखी एक ओळ: हाताला बधिरपणा किंवा अशक्तपणा असलेल्या चालकाने हे वापरू नये.

"तिथं काय लिवलंय चौकटीत?" बाबांनी विचारलं.

"नेहमीचंच," मी म्हणाले. "जपून चालवा."

चाचांनी पाना फिरवता फिरवता एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा मान खाली घातली.

पहिल्या दिवशी मी मागे बसून गेले, क्रेटच्या आणि बाबांच्या मधल्या वीतभर जागेत. सड्यावर धुकं होतं. चाळीसचा वेग आला तसं बाबांनी डाव्या अंगठ्याने बटण दाबलं. डबीतून बारीक किर्र आवाज आला, एखादा किडा पान कुरतडतो तसा. आणि बाबांच्या हाताखालची मूठ सैल पडली. मला ते मागून दिसलं. मूठ कशालाच जोडलेली नसल्यासारखी डुलत होती, आणि गाडी मात्र ओढत होती.

"ओढतोय कोन?" बाबा म्हणाले. विनोदाने म्हणाले असावेत, पण त्यांनी मागे वळून पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून पलीकडे.

"मोटर ओढतेय बाबा. तारेने."

"व्हय. तार," ते म्हणाले आणि पुन्हा समोर पाहू लागले.

त्या रस्त्याच्या मध्यावर कातळात कोरलेला एक माणूस आहे. फार जुना, कोणी कोरला ते माहीत नाही. त्याला नुसते पाय आहेत, कमरेवर काही नाही. सकाळी त्या रेषांत दव साठतं आणि पाय ओले दिसतात, आत्ताच कुठून चालत आल्यासारखे. त्याच्यासमोरून जोरात जायचं नाही अशी आमच्याकडची रीत आहे. थांबायचं नाही, हात जोडायचे नाहीत, फक्त रेस थोडी कमी करायची. एसटीसुद्धा करते. बाबांनी त्या सकाळी मूठ सोडली, नेहमीसारखी. गाडीने ऐकलं नाही. मूठ सैलच होती, ती सोडली काय आणि धरली काय. ब्रेक आठवेपर्यंत आम्ही पुढे निघून गेलो होतो. बाबांची मान आखडली. मी विज्ञान शिकते आणि कातळातल्या पायांना मी घाबरत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. पण मीही मागे वळून पाहिलं नाही.

आमच्या घरी आईला गाडीचा आवाज ओळखू यायचा. वळणावर उसासा टाकल्यासारखा खाली जाणारा, चढाला घशातून वर येणारा, आणि दारापाशी दोनदा लहान रेस. ती आवाज ऐकून भाकरी तव्यावर टाकायची. वाड्यांवरच्या बायकाही तशाच. बाबा भोंगा वाजवत नसत. प्रत्येक वाडीच्या तोंडाशी मनगट दोनदा वळवायचे, घुर्र, घुर्र, आणि माजघरातून ताटल्या घेऊन बायका बाहेर यायच्या.

त्या यंत्रानंतर तो आवाज गेला. बाबांना ते आवडायला लागलं होतं, हे खरं आहे. हाताला ओझं नव्हतं. सड्यापुरतं म्हणून लावलेलं बटण ते गावाजवळच्या उतारालाही दाबायला लागले, मग वाडीच्या तोंडापर्यंत. एकाच सुरात गाडी यायची, चढ नाही, उतार नाही, श्वास नाही. एका दुपारी आई पडवीत तांदूळ निवडत होती. गाडी अंगणात येऊन थांबली तेव्हा तिने पदर सावरला आणि परक्या माणसाला विचारतात तसं विचारलं, "कोन पायजे?"

बाबा हसले. आई हसली नाही. तिने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

गुरववाडीच्या सुमनकाकींचं घर रस्त्याला लागून आहे. त्याही म्हणाल्या, "सदा, आजकाल तू येतोस तेव्हा वाटतं फवारनीचा पंपच चालत आला. मी बाहेर येत नाय. मग बगते तर तू आपला अंगनात उभा, भुतागत."

"भुताला बांगडे कोन देईल काकी," बाबा म्हणाले. त्यांनी बांगडे डाव्या हाताने मोजले. उजवा हात क्रेटच्या काठावर ठेवलेला होता, विसरून ठेवलेल्या वस्तूसारखा.

मी त्या दिवसांत एकसमान गतीची गणितं सोडवत होते. एकसमान गती म्हणजे वेगही बदलत नाही आणि दिशाही. वर्गात ही सगळ्यात सोपी गती मानतात, कारण तिच्यात विचारण्यासारखं काही नसतं. मला मात्र वाटायचं की जिवंत असलेलं काहीच तसं जात नाही. कुत्रा जात नाही, पाणी जात नाही, माणूस तर नाहीच. हे मी सरांना विचारलं नाही. असं विचारायचं असतं का ते मला ठाऊक नव्हतं.

मग तो रविवार आला. मी मदतीला गेले होते. लिलावात त्या दिवशी शिंगाळे आले होते. शिंगाळा म्हणजे मिशांचा मासा, त्याच्या पाठीवर आणि कल्ल्यांपाशी सुरीसारखे काटे असतात. तो काटा हातात गेला तर काय होतं, हे मिरकरवाड्यात सगळ्यांनी पाहिलं आहे. बोटीवरचे दांडगे तांडेलसुद्धा मनगट धरून जमिनीवर बसतात, संध्याकाळपर्यंत ठणका जात नाही. बाबांनी शिंगाळे क्रेटमध्ये भरले, वर बर्फ टाकला, आणि आम्ही निघालो.

सड्यावर धुकं विरळ झालं होतं. बटण चढाच्या पायथ्यापासूनच दाबलेलं होतं, मूठ सैल डुलत होती. बाबा बोलत होते. यंदा मोहोर दाट आहे, पण थंडी अशीच राहिली तर फळ धरणार नाही, असं काहीतरी. माझ्या गुडघ्यावर काहीतरी ओलं पडलं. मला बर्फाचं पाणी वाटलं. पुसलं तर बोट लाल. वाऱ्याबरोबर आणखी एक थेंब आला. मी वाकून पुढे पाहिलं.

बाबांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याखाली शिंगाळ्याचा काटा अर्धा आत गेलेला होता. मोडून राहिलेला. मुठीवरून रक्ताची बारीक रेघ ब्रेकच्या लिव्हरवर उतरून टोकाशी थेंब धरत होती. आणि बाबा मोहोराबद्दल बोलत होते.

"बाबा, थांबा."

"काय झाला गो?"

"थांबा आधी."

त्यांनी पायाने ब्रेक दाबला. गाडी थांबली. आजूबाजूला फक्त पंपांचा आवाज होता. मी म्हणाले, हात बघा. त्यांनी हात वर केला आणि बराच वेळ पाहत राहिले. ओळखीच्या माणसाला नीट न ओळखता आल्यासारखे. मग डाव्या हाताने काटा उपटला. चेहऱ्यावरची एकही रेघ हलली नाही.

"कधी गेला हा?" त्यांनी मला विचारलं. मला.

मी त्यांच्या बोटांना ओढणी गुंडाळली. ती बोटं माशासारखी थंड होती. जेटीपासून तिथपर्यंत अर्धा तास. अर्धा तास हा हात मुठीवर होता, त्यात काटा होता, आणि आम्हा दोघांपैकी कोणालाच ते कळलं नव्हतं, कारण हाताची आता कोणाला गरजच नव्हती. मूठ धरावी लागली असती तर ती पहिल्याच चढाला निसटली असती. बाबा थांबले असते, घाबरले असते, डॉक्टरकडे गेले असते. मी बसवलेल्या डबीने ते होऊ दिलं नाही. हात महिनाभर मरत होता आणि गाडी सुरळीत चालत होती.

मी रस्त्याच्या कडेला कातळावर बसले आणि सांगून टाकलं. चौकटीत काय लिहिलं होतं ते, शब्द न शब्द. बधिरपणा. धुकं. वापरू नये. पॅकिंगच्या कंपनीबद्दल आई बोलत होती तेही. सांगताना मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही. त्यांच्या हातावरच्या ओढणीत लाल डाग हळूहळू मोठा होत होता, मी त्याच्याकडे पाहत होते.

बाबा रागावतील असं वाटलं होतं. ते गाडीला टेकून उभे राहिले. मग शांतपणे म्हणाले, "आनि काय काय नाय वाचलंस?"

"एवढंच बाबा. दुसरं काही नाही."

"आयशीच्या औषधाचं?"

"सगळं सांगितलंय."

"विम्याचं?"

"तेही."

त्यांनी मान हलवली. पण नेहमीची ती मान नव्हती. "बग बाय," ते म्हणाले, "आमी तुज्याच डोळ्यांनी वाचतो. तिथं आमाला जायला दुसरा रस्ता नाय."

ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. त्यानंतरचे तीन महिने वाड्यांवर मी गेले. बाबांनीच दोन वर्षांपूर्वी हौसेने मला ती गाडी शिकवली होती. लिलाव आई बघायची, क्रेट चाचा बांधून द्यायचे, आणि दहापर्यंत परत येऊन, अंगाला साबण घासून मी कॉलेजला. तरी माशांचा वास जायचा नाही, आणि वर्गात मागचा बाक माझ्यासाठी रिकामा असायचा. सुमनकाकी पहिल्या दिवशी ताटली घेऊन दारात उभ्या राहिल्या. "सदाची पोर कॉलेजात जाते म्हनं. मग बांगड्याचं इंग्लिश नाव सांग, तरच घेते." मी सांगितलं. "खपतो का त्या नावानं?" त्यांनी विचारलं आणि सहा घेतले. कॉलेज सुटलं नाही. परीक्षेत एका विषयात कशीबशी पास झाले, पण सुटलं नाही. पॅकिंगच्या कंपनीचं नाव पुन्हा घरात निघालं नाही.

डबी तेव्हाही गाडीवर होती. मी तिला हात लावत नव्हते. एका सकाळी सड्यावर काय वाटलं कोण जाणे, मी बटण दाबलं. किर्र आवाज झाला आणि माझ्या तळव्याखालची मूठ मऊ पडली. घट्ट धरलेला हात अचानक पलीकडून सोडून द्यावा तसं वाटलं. गाडी पुढे जात होती. मी होते, नव्हते, तिला फरक नव्हता. समोर धुकं होतं आणि ते माझ्याकडे एकाच वेगाने येत होतं. मला वाटलं मी गाडीवर नाहीच, मागे कुठेतरी रस्त्यावर उभी आहे आणि माझ्या कपड्यांतलं कोणीतरी मासे घेऊन वाडीवर चाललं आहे. मी ब्रेक दाबला. दोन मिनिटं तिथेच थांबले. त्या दिवशी दुपारी चाचांकडून ती डबी काढून घेतली.

"वस्तू वाईट नाय बायो," चाचा स्क्रू सोडवत म्हणाले. "मी पन त्या दिवशी बोलायला हवं होतं. तुझं तोंड बघून कळलं होतं कायतरी गाळलंस. पन म्हटलं, शिकलेली हाय." चाकाच्या आऱ्यावरचं लोहचुंबक काढताना त्याला लोखंडाचा बारीक कीस चिकटून आला, मऊ, केसाळ. त्यांनी तो फुंकून उडवला.

आता पुन्हा मोहोर आला आहे. बाबा अर्ध्या वाड्या स्वतः करतात, अर्ध्या सुट्टीच्या दिवशी मी. गाडीचा आवाज परत आला आहे, जरासा तुटक. डॉक्टरांनी सांगितलं होतं की बोटं एकेक करून येतील. अंगठा शिमग्याच्या सुमारास आला. आधी मुंग्या, मग आग आग, मग एके दिवशी बाबांनी बर्फातून हात झटकन बाहेर काढला आणि आईला सांगितलं, "थंड लागला." अंगठ्याशेजारचं बोट गणपतीत आलं. मधलं अजून आलेलं नाही. घरात आम्ही त्याच्याबद्दल बाहेरगावी गेलेल्या माणसाबद्दल बोलतो तसं बोलतो. ते तिथेच दिसतं, नख वाढतं, कापावंही लागतं, पण ते आलेलं नाही.

मासे खाणाऱ्या माणसाला काटा आधी डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागतो. बाबा जन्मभर गप्पा मारता मारता मासा सोलत आले, ताटाकडे न बघता. आता त्यांची तुकडी मी सोलते. आई भात वाढते, बाबा दुसरीकडे बघत बसतात, कारण त्यांना ते आवडत नाही. मी काटे काढून ताटाच्या कडेला लावते.

"झाले?" ते विचारतात.

कधी एखादा केसासारखा काटा मांसात दिसत राहतो आणि हाताला लागत नाही. तो पोटात गेला तरी काही होणार नाही, हे मला माहीत असतं. हो म्हणणं सोपं असतं, भात निवत असतो.

"एक आहे अजून," मी म्हणते. "थांबा."

आणि ते थांबतात.